शिकरणातली गोळी

नववीपासून माझ्या आईनं मला रोज सकाळी केळीच्या शिकरणातून गोळी दिली. गोळी स्टीलच्या वाटीत टाकायची, वरून बत्त्याचं टोक दाबायचं, कट् असा बारीक आवाज यायचा, आणि मग चमच्याच्या पाठीनं तिचं पीठ होईपर्यंत ती घोटत बसायची. नांदेडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात सकाळचे आवाज ठरलेले होते. पलीकडच्या विहारातली वंदना, नळाला लावलेल्या मोटारीची घरघर, पप्पांच्या गाडीची किक तीन-चार वेळा वाया जाणं, आणि हा कट्. पप्पा वीज खात्यात लाइनमन होते, त्यांना सकाळी लवकर निघावं लागे. केळी घरात कायम असायची. अर्धापूरजवळ मामाची केळीची बाग, तिथून कुणी ना कुणी येताना एक घड घेऊन यायचं, आणि आमच्या घराला बारा महिने पिकल्या केळ्यांचा वास असायचा. मला गोळी गिळता येत नव्हती. जिभेवर ठेवली की घसा आवळून यायचा आणि पाण्यासकट गोळी बाहेर. म्हणून शिकरण.

गोळी का, ते सांगते. मी ढ नव्हते. पण वर्गात बाई एक वाक्य बोलायच्या, त्यातला पहिला शब्द माझ्यापर्यंत पोचायचा आणि मग बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न, पुढच्या मुलीच्या रिबिनीची गाठ, पंख्याची एक वाकडी पात, असं करत मी कुठल्या कुठं जायचे. वह्या हरवायच्या, दप्तर शाळेत राहायचं. दूध उतू जाऊ नये म्हणून मला शेगडीपाशी बसवलं तर दूध माझ्यासमोर उतू जायचं. माझं नाव प्रज्ञा. या नावावरून शाळेत किती जणांनी विनोद केले असतील त्याला हिशेब नाही, आणि त्यातले निम्मे शिक्षकांनी केले. शेवटी गणिताच्या एका म्हाताऱ्या बाईंनी पप्पांना बोलावून सांगितलं की पोरीला रागावू नका, दवाखान्यात दाखवा. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. नांदेडच्या डॉक्टर मॅडमनी तीन-चार वेळा बोलावलं, आईला खोदून खोदून विचारलं आणि एडीएचडी असं नाव सांगितलं. लक्ष टिकवण्याची मेंदूची यंत्रणाच थोडी वेगळी असते म्हणाल्या, आणि लहान गोळी लिहून दिली. गिळत नाही असं आईनं सांगितलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या की ही चुरून दिली तरी चालेल. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. आईनं मनानं काही केलं नव्हतं.

त्या गोळीनं मी हुशार झाले नाही. पण वाचलेलं पान वाचलेलं राहायला लागलं. एका रविवारी मी मेथीची जुडी शेवटच्या काडीपर्यंत निवडली, आणि आई निवडलेल्या पानांकडं बघत राहिली. दुपारची भूक मात्र मरायची, डबा तसाच परत यायचा. आईनं हे दोन आठवड्यांत ओळखलं आणि आपला बंदोबस्त केला. गोळीच्या आधी पोटभर खायला घालायची. दोन अंड्यांची पोळी, ज्वारीची भाकरी, कधी सुकटाची चटणी, कधी रात्रीच्या कालवणातला तुकडा. हे सगळं झालं की वरून चार चमचे शिकरण आणि त्यात गोळी. मॅडमनी ऐकलं तेव्हा म्हणाल्या, मी हेच सांगणार होते. आई चार दिवस त्या एका वाक्यावर खुश होती.

दहावीला बरे मार्क पडले आणि मला लातूरला पाठवायचं ठरलं. त्या काळी, आणि आजही, आमच्याकडं दहावीला बरे मार्क पडणं म्हणजे लातूर. तिथं क्लास सकाळी सातला सुरू होऊन संध्याकाळपर्यंत चालत, सकाळची गोळी दुपारपर्यंतच पुरायची आणि मधे दुसरी घ्यायला पाच मिनिटं मिळतील याची खात्री नव्हती. म्हणून मॅडमनी गोळी बदलली. सकाळी एकच, दिवसभर हळूहळू काम करणारी. त्या दिवशी दवाखान्यात बसायला जागा नव्हती, मॅडम चिठ्ठी लिहिता लिहिता दुसऱ्या पेशंटशी बोलत होत्या. औषधाच्या दुकानातल्या माणसानं पाकीट बांधून दिलं. कुणी काही सांगितलं नाही. आम्हीही काही विचारलं नाही, कारण गोळी कशी घ्यायची हे आम्हाला येत होतं. ट्रंकेत आईनं एक छोटी वाटी आणि एक लहानसा लोखंडी बत्ता ठेवला, आणि बारीक कसं घोटायचं ते मला बसवून शिकवलं.

हॉस्टेलच्या खोलीत माझ्यासोबत रुबीना होती, उदगीरची. तिच्या अब्बांचं आडत बाजारात काम होतं. बोलायला मोकळी आणि वाचायला बसली की भिंत पडली तरी न उठणारी. मी रोज सकाळी सहाला बत्ता चालवायचे आणि ती पांघरुणातून म्हणायची, तुझी गिरणी चालू झाली की मला घड्याळ लागत नाही. मेसमध्ये सकाळी पोहे नाहीतर उपमा, तो मिळेपर्यंत क्लासची वेळ व्हायची, म्हणून मी केळं आणि गोळी एवढ्यावर निघायचे. रुबीनाला माझं उपाशी निघणं पटायचं नाही. तिच्याकडं पाणी तापवायची कॉइल होती. ती स्टीलच्या मोठ्या मगात दोन अंडी उकडायची, एक तिचं, एक माझं, आणि टरफलं कागदात बांधून कॉलेजच्या वाटेवर टाकायची.

पहिल्या महिन्यातच काहीतरी बिनसलं. साडेसात-आठच्या सुमाराला माझं काळीज इतकं धडधडायचं की शेजारच्या मुलीला ऐकू जाईल असं वाटायचं. बोटं थरथरायची, जीभ टाळूला चिकटायची. फळ्यावरचं सगळं दिसायचं, नको इतकं दिसायचं, पण मी एका ओळीवर खिळून राहायचे आणि सर तीन गणितं पुढं गेलेले असायचे. अकरा-बाराला कुणीतरी मागून बटण बंद केल्यासारखं व्हायचं. दुपारचं फिजिक्स मी कधी ऐकलंच नाही. जेवणाकडं बघवत नसे, आणि भूक लागायची तेव्हा मेस बंद झालेली असायची. चाचण्यांमधले मार्क घसरले. क्लासमध्ये मार्कांप्रमाणे तुकड्या होत्या. माझं नाव वरच्या तुकडीतून खालच्या तुकडीत गेलं आणि ती यादी जिन्याच्या तोंडाशी सगळ्यांना दिसेल अशी लावलेली होती.

मग पप्पांना बोलावणं गेलं. आई-पप्पा दोघंही आले. क्लासवाल्यांनी आम्हाला त्याच इमारतीतल्या एका माणसाच्या केबिनमध्ये पाठवलं. तो आहार सल्लागार. सगळे त्याला सर म्हणायचे. भिंतीवर पोटाचा रंगीत तक्ता, कपाटात बाटल्या. त्यानं माझी गोळी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाला की औषध बरोबर असेल, पण ते पचायला तर पाहिजे. पोरीच्या पोटात पाचक एन्झाइम कमी पडतात, म्हणून गोळी अंगी लागत नाही. आणि मग त्यानं विचारलं, घरी खाणं काय असतं. पप्पांनी सांगितलं. भाकरी, वरण, अंडी, मासे, रविवारी मटण.

“तरीच,” तो म्हणाला. “तुमच्याकडं हे सगळं रोजचंच असतं. असं तामसी खाऊन बुद्धी स्थिर कशी होणार? नाव मात्र प्रज्ञा ठेवलंय.”

आणि हसला. माझे पप्पा भर पावसात खांबावर चढून तार जोडणारे, साहेबाला तोंडावर चूक सांगणारे. ते आपल्या चपलांकडं बघत राहिले. आईनं पदर सारखा केला. मी त्या दोघांकडं बघत होते, आणि मला त्या माणसाचा राग आला नाही. मला लाज वाटली, माझ्या घराची, आमच्या सुकटाच्या वासाची. ती लाज मला त्यानं दिली आणि मी ती मुकाट्यानं घेतली, याचा राग मला आज येतो.

त्यानं तीन गोष्टी दिल्या. पपईच्या वासाचं पाचक एन्झाइमचं सिरप, जेवणाआधी आणि नंतर घ्यायची पित्ताची पावडर, आणि न खायच्या पदार्थांचा कागद. अंडी, मासे, मटण, कांदा, लसूण. गोळी सिरपमध्ये घोळून घे म्हणाला, म्हणजे लवकर विरघळेल. गोळीची पूड आम्ही करतो हे आईनं त्याला सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, उत्तम. आई नांदेडला गेल्यावर त्या कागदाबरहुकूम वागायला लागली. पोरगी तिकडं खात नाही तर आपण कशाला, म्हणून घरातलंही बंद केलं. मी रुबीनाचं अंडं नाकारलं. तिनं कारण विचारलं, मी तो कागद दाखवला. तिनं तो दोनदा वाचला आणि एवढंच म्हणाली, “म्हणजे माझ्या घरी तर सगळेच येडे निघाले पाहिजेत.”

दोन महिन्यांत माझा पंजाबी ड्रेस अंगावर लोंबायला लागला. सकाळी धडधड, दुपारी अंधार, संध्याकाळी रडू. सिरप वाढवलं. पावडर वाढवली. एका रविवारी मोठी चाचणी होती. पेपर हातात आला, मी नाव लिहिलं, आणि अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलायला लागली. पुढचं मला आठवतं ते थंड फरशी आणि कुणाचा तरी रुमाल. ऑफिसात नेऊन बसवलं. हॉस्टेलच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, बारीक व्हायचं खूळ असतं या पोरींना. क्लासच्या एका सरांनी माझी पर्स उघडली, गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले की हा नशेचा प्रकार आहे, घरी कळवा. तिथं पाच मोठी माणसं होती. पाचांनाही माझ्याबद्दल काहीतरी ठाऊक होतं. एकानंही मला प्रश्न विचारला नाही.

प्रश्न विचारला रुबीनानं. मला खोलीवर आणून झोपवल्यावर ती पट्टी हातात घेऊन खिडकीपाशी बसली. पाठीमागं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात इंग्रजी मजकूर होता. आम्ही दोघी बायॉलॉजी इंग्रजीतून घोकणाऱ्या, पण ते वाचायचं मला कधी सुचलं नव्हतं.

“प्रज्ञा, इथं लिहिलंय की अख्खी गिळायची. चावायची नाही, फोडायची नाही,” ती म्हणाली. “तू तर रोज कुटून राहिलीस.”

मी तिच्यावर उखडले. माझ्या आईनं शिकवलंय, डॉक्टरांनी सांगितलंय, तुला काय कळतं, असं बरंच बोलले. ती चिडली नाही. पट्टी माझ्या उशाशी ठेवली आणि म्हणाली, मला नाही कळत, ज्यांना कळतं त्यांना विचार.

पप्पा मला घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नांदेडच्या दवाखान्यात बसलो. मॅडमनी वजन केलं, नाडी मोजली, छातीचा कागद, म्हणजे ईसीजी, काढायला लावला. मग खुर्ची पुढं ओढून त्यांनी विचारलं, गोळी घेतेस कशी ते मला सगळं सांग. मी सांगायच्या आत आई बोलली. तिला वाटलं, आपली काळजी कमी पडली असं यांना वाटू नये.

“मी लई बारीक करायची, मॅडम,” ती म्हणाली. “एक कण राहू देत न्हाई. तिलाबी तसंच शिकवलंय.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, घाई न करता. ही गोळी आधीच्या गोळीसारखी नाही. तिची बांधणीच अशी केलेली असते की औषध दिवसभर थोडं थोडं सुटावं. कुटली की बांधणी मोडते आणि दिवसाचं औषध एकदम अंगावर येतं, म्हणून सकाळची धडधड. आणि लवकर संपतं, म्हणून दुपारचा अंधार. हे धोक्याचं होतं, काळीज थोडं कमजोर असतं तर फार महागात पडलं असतं. आईनं तोंडाला पदर लावला. सिरपची बाटली मॅडमनी वाचली आणि बाजूला सारली. जेवण पचवणारे एन्झाइम वेगळे, म्हणाल्या, आणि हे औषध शरीरात मोडतं ते मुख्यतः यकृतातल्या एका निराळ्याच एन्झाइमनं. कुणात तो जोरात चालतो, कुणात हळू, म्हणून डोस माणसागणिक बदलतो. बाटलीतल्या पपईचा त्याच्याशी संबंध नाही. पित्ताच्या पावडरीबद्दल त्या जास्त जपून बोलल्या. दिवसभर चालणारी काही औषधं पोटातल्या आंबटपणाच्या भरवशावर सुटतात, तिथं अशी पावडर गोंधळ करू शकते. या गोळीचं तसं आहे का ते मी बघते, पण विनाकारण घेऊ नकोस. मग न खायच्या पदार्थांचा कागद वाचला.

“अंडी कुणी बंद केली?” त्यांनी विचारलं. “औषधानं हिची भूक मरते. सकाळचं खाणं हाच हिचा आधार, आणि तुम्ही ते बरोबर करत होतात.”

आई म्हणाली, चूक माझीच. मॅडम म्हणाल्या, “नाही. गोळी बदलली तेव्हा कुटू नका हे मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. चूक माझी आहे.”

या वाक्यासाठी मी मॅडमना माफ केलं, तिथल्या तिथं. इतक्या वर्षांत माझ्यासमोर आपली चूक अशी सरळ कबूल करणारी माणसं मला फार भेटली नाहीत. मॅडमनी काही दिवस औषध थांबवलं, मग लहान डोसनं सुरू केलं, आणि तोवर मला गिळायला शिकवायचं काम आईकडं आलं. तिनं स्वयंपाकघरात मला समोर बसवलं. आधी भिजवलेला साबुदाण्याचा एक दाणा, मग मसुरीचा, मग गुळाचा बारीक खडा, दह्याच्या घोटाबरोबर. घसा आवळला की म्हणायची, माय, घाई न्हाई. नवव्या दिवशी मी अख्खी गोळी गिळली. आई उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

मला लातूरला सोडायला या वेळी पप्पांऐवजी आई आली. क्लासच्या इमारतीत शिरल्यावर ती सरळ त्या केबिनमध्ये गेली. आत दुसरे आई-बाप बसले होते, त्यांच्या देखत तिनं पिशवीतून सिरपच्या बाटल्या, पावडरीचे डबे आणि तो कागद काढून टेबलावर मांडला. तो म्हणाला, ताई, बसा, काय झालं. ती बसली नाही.

“साहेब, तुम्ही आमचं खाणं इचारलं. गोळी कुटून देती हे मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही उत्तम म्हनलात. ती कुटायची नसती हे तुम्हाला ठावं नव्हतं, तर नव्हतं म्हनायचं.” मग तिनं कागदावर बोट ठेवलं. “आन तुमच्याकडं म्हनलात. तुमच्याकडं म्हंजे कुनाकडं?”

तसं म्हणायचं नव्हतं, गैरसमज झाला, मी भल्यासाठीच सांगितलं, असं काहीबाही तो बोलला. आई म्हणाली, “माझी पोरगी खाल्ल्यानं बिघडली न्हाई. तुम्ही तिला उपाशी ठिवलं.” आणि बाहेर आली. जिन्यात मात्र ती पायरीवर बसली. मी तिच्या शेजारी बसले. आई कुणाशी एवढं बोललेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

त्याचं काहीही वाकडं झालं नाही. केबिन तिथंच राहिली, बाटल्या खपत राहिल्या. मला वरची तुकडी परत मिळाली नाही. वर्ष निम्मं सरल्यावर मिळणार नाही, असं ऑफिसनं सांगितलं. बारावीला मी ठीक पास झाले, डॉक्टरकीला नंबर लागला नाही. रुबीनाचा लागला. मी बीएस्सी केलं, बीएड केलं, आणि आता जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझं बरं चाललंय. तरीही कुणी मला म्हणतं की झालं ते चांगल्यासाठीच, तेव्हा मी त्यांना थांबवते. नीट गोळी, नीट पोट असतं तर त्या वर्षात मी काय केलं असतं, हे मला कधीच कळणार नाही, आणि ते वर्ष माझं होतं. आज मोबाइल उघडला की तसलेच लोक दिसतात. गोळ्या सोडा, हे एन्झाइम घ्या, पोट साफ तर डोकं साफ. खाली शेकडो आया मुलांची वयं लिहून विचारत असतात. मी प्रत्येकीला लिहिते की आधी डॉक्टरांना विचारा, पट्टीच्या मागचं वाचा. बहुतेकदा माझं लिहिलेलं पुसलं जातं.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी आईला वाचून दाखवलं. ती आता माझ्याकडंच असते, डोळ्यांनी कमी दिसतं. सगळं ऐकलं. मला वाटलं होतं, शिकरण आणि बत्ता काढून टाक म्हणेल. ती म्हणाली, “त्या मानसाचं नाव न्हाई घातलं तू.” मी म्हटलं, घालता येत नाही, आई. ती म्हणाली, “मग तू नको घालू. मी म्हनून दाखवते.” आणि भिंतीकडं तोंड करून तिनं ते नाव, आडनावासकट, अगदी स्पष्ट उच्चारलं.